कापून टाकलेली शांतता

डॉक्टरणीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "मधलं कुठंय?"

"मधलं म्हणजे?"

"घोरणं आहे, मग घोरणं, मग परत घोरणं. असं माणूस घोरत नाही, यंत्र घोरतं. दोन घोरण्यांच्या मधल्या जागा कुठं गेल्या?"

"त्या मी काढल्या," ती म्हणाली. वर शहाणपणानं म्हणाली, "रिकाम्या होत्या. तुमचा वेळ वाचावा म्हणून."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. बघण्यात राग नव्हता, रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं, कुतूहल. "काय काम करता तुम्ही?" तिनं विचारलं. "श्वास कापते," ती म्हणाली, आणि शेजारच्या खुर्चीत पेंगणारा तिचा नवरा झोपेतल्या झोपेत हसला. मग तिला समजावून सांगावं लागलं. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, त्यातले वाचणाऱ्याचे श्वास, गिळलेल्या थुंकीचे आवाज, उगाच लांबलेल्या शांतता ती काढून टाकते. डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, घोरणं ऐकून मी काय करू? घोरणं म्हणजे हवा जातेय. मला ती जात नाही तेवढंच ऐकायचं होतं. तेच नेमकं तुम्ही टाकून दिलंत." एवढ्यात नवऱ्याचं डोकं छातीवर पडलं आणि घशातून मोरीत पाणी अडल्यासारखा आवाज आला. डॉक्टरणीनं पेन उचलून त्याच्याकडे दाखवलं, जणू हाच तो, आत्ता पळून चाललाय, पकडा.

रस्त्यावर आल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हणाली?" म्हणजे त्यानं अर्धं ऐकलंच नव्हतं. "मूळ रेकॉर्डिंग आण म्हणाली. ते ऐकून झोपेच्या तपासणीचा नंबर अलीकडे घेते म्हणाली. तुझ्या फिट्स इतक्या गोळ्या खाऊन का थांबत नाहीत, ते कदाचित तिथं कळेल." तो म्हणाला, "वा. म्हणजे आता झोपेचीही परीक्षा. त्यात तरी पहिला येईन." आणि तो काचेच्या दुकानाकडे वळला. तिथून तो पूर्वी उंच इमारतींच्या खिडक्यांना काचा बसवायला जायचा, आणि आता गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून लोकांच्या तसबिरींची मापं घ्यायचा. आकडी येणाऱ्या माणसाला उंचावर चढवत नाहीत. बरोबरच आहे. पण बरोबर असलेल्या गोष्टींनीसुद्धा माणूस आतून सोलून निघतो, हे त्याच्या मालकाला कुणी सांगावं? मालक त्याला कुंभकर्ण म्हणायचा. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. तो हसायचा. ती असती तर त्याच दुकानातली एखादी काच तिनं मालकाच्या डोक्यात घातली असती.

तिची जीभ तुटलेल्या दातावर गेली. समोरच्या दाताचा कोपरा उडालेला होता आणि विचार करताना तिची जीभ आपोआप तिथं जायची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे पलंग हलायला लागला तेव्हा तिला वाटलं होतं, भूकंप. ती त्याला धरायला वळली, भूकंपात नवऱ्याला धरायचं एवढंच तिला सुचलं, आणि त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. तोंडात रक्त आणि दाताचा कण, आणि शेजारी तिचा माणूस लाकडासारखा ताठ, मग ते लाकूड कुणीतरी आपटतंय असा. ती ओरडली. सासू आली. सासूनं दिवा लावला, त्याला कुशीवर वळवलं, त्याच्या डोक्याखाली आपला पदर घातला आणि थांबली. घाबरली नाही. हेच तिला नंतर कितीतरी महिने टोचत राहिलं, की म्हातारी घाबरली नाही. म्हणजे हे घरात जुनं होतं. लग्न ठरवताना खिडक्या, नोकरी, स्वभाव, दोन खोल्या, सगळं सांगितलं होतं. हे तेवढं सांगितलं नव्हतं. माहेरचे म्हणाले, फसवलंय तुला, ये निघून. फसवलं होतंच. ती चिडली, रडली, चार कपडे पिशवीत भरून दारापर्यंत गेली. तेव्हा तो म्हणाला होता, "जा, पण दात दाखवून घे आधी. माझ्यामुळे तुटलाय, खर्च माझा." असल्या माणसाला सोडून कसं जायचं? तिनं दात तसाच ठेवला. त्यानं तिच्यावर उमटवलेली तेवढी एकच खूण होती, आणि पुढं तर तेवढीच उरली.

कारण पुढं सासू म्हणाली, "तू बाहेरच्या खोलीत झोप काही दिवस. तुला सकाळी कामाला जायचं असतं. मला काय, मी म्हातारी, पडून राहीन त्याच्याजवळ." काही दिवस. घरात 'काही दिवस' म्हणून जे येतं ते कधीच जात नाही. पाहुणा असो, बादलीखालची वीट असो. आतल्या खोलीत पलंगावर मायलेक, बाहेर लोखंडी खाटेवर ती. म्हातारी त्याच्या दोन्ही बाजूंना उशा खोचायची, पडू नये म्हणून, आणि तो पाठीवर उताणा, कडेला बांध घातलेल्या तळ्यासारखा. मग परकराची एक जुनी नाडी त्याच्या मनगटाला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. आकडी आली की नाडी ओढली जाणार आणि म्हातारी उठणार. तिला आधी ह्याचं हसू आलं, मग किळस आली, मग नुसता मत्सर उरला. एका नाडीचा मत्सर. बाई, शिकलीसवरलेली, कमावती, आणि रात्री खाटेवर पडून विचार करतेय की ती नाडी माझ्या हाताला का नाही. नवरा तिच्यासाठी दिवसा उरला होता, तोही पेंगणारा. त्याच्या अंगाला काचा चिकटवायच्या लांबीचा, जवसाच्या तेलाचा वास यायचा, तो तिला आता फक्त त्याचे सदरे धुताना मिळायचा. हिवाळ्यात तो आपली गार पावलं तिच्या पोटऱ्यांत खुपसायचा आणि ती किंचाळायची. किती चिडायची तेव्हा. आता तिच्या पोटऱ्या उबदार असायच्या आणि त्या उबेचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. लोकांना वाटतं, आजारी नवऱ्याच्या बायकोला सहानुभूती हवी असते. खड्ड्यात घाला सहानुभूती. तिला त्याची पाठ हवी होती. भली थोरली, गोळ्यांनी आणखी सुजलेली पाठ, जिच्या आड झोपलं की जग दिसत नाही अशी.

आणि त्या बाहेरच्या खाटेवरून तिला भिंतीपलीकडचं घोरणं ऐकू यायचं. घोरणं थांबलं की तिला बरं वाटायचं. हे आता, रस्ता ओलांडताना, तिला आठवलं आणि ती दुभाजकावरच उभी राहिली. थांबलं की तिला वाटायचं, लागली बिचाऱ्याला शांत झोप. सगळं जग झोपलेल्याविषयी असंच खोटं बोलतं. शांत झोपलाय म्हणतं. मेलेल्याविषयीही तेच म्हणतं. पण जगाचं एक वेळ सोडा, तिचा तर धंदाच कानाचा. कुणी वाचक किती सिगरेटी ओढतो, कुणाचं नाक वाकडं आहे, कोण आज रडून आलंय, हे तिला नुसत्या श्वासावरून कळायचं. तिला वर्षानुवर्षं शिकवलं गेलं होतं, तिनं स्वतःला शिकवलं होतं, की श्वास म्हणजे घाण आणि शांतता म्हणजे स्वच्छ. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा आवाज कुठल्या देहातून येतच नाही. नवऱ्यानं तिचं नाव ठेवलं होतं कात्री. संध्याकाळी दार उघडताना विचारायचा, "काय कात्री, आज किती जणांचा श्वास बंद केलास?" दोघं हसायचे. सासू नाही हसायची. तेव्हा तिला वाटायचं, म्हातारीला विनोद कळत नाही.

स्टुडिओत दुपारी कुणी नव्हतं. ती आपल्या छोट्या खोलीत गेली, जाड दार लावून घेतलं. त्या खोलीच्या भिंती आवाज खातात. तिथं स्वतःच्या मानेतलं रक्त ऐकू येतं. पलंगाखाली रात्रभर फोन ठेवून केलेलं मूळ रेकॉर्डिंग तिनं जपून ठेवलेलं होतं, कापणारा मूळ कधी फेकत नाही, हा या धंद्यातला एकच चांगुलपणा. खरं म्हणजे कापतानाही तिनं ते ऐकलं नव्हतं. आवाजाच्या एका पातळीच्या खालचं सगळं काढ म्हणून यंत्राला सांगितलं होतं, आणि चहा होईपर्यंत यंत्रानं तिच्या नवऱ्याची रात्र सोलून, बिया काढून दिली होती. डॉक्टरणीकडे देण्यापूर्वी घोरणं नीट ऐकू येतंय ना एवढं तिनं पाहिलं होतं. आता तिनं हेडफोन चढवले. घोरणं सुरू झालं. पडद्यावर आवाजाच्या टेकड्या चढत उतरत चालल्या होत्या. मग एक टेकडी अर्धीच उतरली आणि पुढं सपाट रेघ. ती वाट बघत राहिली. रेघ सपाटच. तिचा स्वतःचा श्वास अडकला हे तिला छातीत दुखल्यावर कळलं. तो मेला नव्हता, सकाळीच तसबिरीच्या मापांकडे गेला होता, तरी तिचा हात टेबलाची कड धरून राहिला. तिनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि त्या सपाट रेघेच्या तळाशी, पातळीच्या खाली, जिथं काही नसतं असं ती इतकी वर्षं समजत आली होती तिथं, कापड सरकलं, पलंग करकरला, आणि कुणीतरी कुजबुजलं.

"घे."

मग पुन्हा. "घे रे. घे की. ए राजा, घे." छातीवर हात चोळल्याचा आवाज. "घे, घे, घे. हं. असा काय करतोस. घे." आणि बुडालेला माणूस पाण्याबाहेर यावा तसा एक भयंकर श्वास आत ओढला गेला, पडद्यावर डोंगर उभा राहिला, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी बारीक आवाजात सासू म्हणाली, "शाब्बास."

घोरणं सुरू. टेकड्या. पुन्हा सपाट. पुन्हा "घे." ती पुढं गेली, आणखी पुढं गेली, बोटानं रात्र पुढं ढकलत राहिली आणि जिथं जिथं सपाट रेघ होती तिथं तिथं म्हातारी होती. कधी चिडून, "घेतोस का लावू एक?" कधी गाणं म्हटल्यासारखी. कधी तिचा आवाज झोपेनं जड व्हायचा, शब्द चिकट व्हायचे, 'घे' यायला उशीर व्हायचा, आणि मग ती दचकून भराभर पाच-सहा वेळा म्हणायची, हिशेब पुरा केल्यासारखी. एका ठिकाणी, श्वास परत आल्यावर, ती कुणाला तरी म्हणाली, देवाला असेल, भिंतीला असेल, "उचल की मला आता. पण आधी जरा झोपू दे." आणि स्वतःच फिस्सकन हसली. म्हातारीला विनोद कळत होता. तिनं हेडफोन काढले तेव्हा त्या मुक्या खोलीत तिला काहीच सोसेना, तिनं दार उघडलं, आणि जिन्यावर कुणीतरी खोकत होतं त्या खोकल्यानं तिला बरं वाटलं. सासूविषयी मनात माया दाटून आली वगैरे काही नाही. माया नंतर. आधी संताप आला. माहीत होतं! दर रात्री नवऱ्याचा गळा कुणीतरी अदृश्य हातानं दाबत होतं आणि म्हातारीला माहीत होतं, आणि सकाळी ती चहा गाळत विचारायची, झोप लागली का गं तुला?

घरी पोचली तेव्हा उजेड होता. सासू खिडकीत बसून मुलाच्या सदऱ्याला बटण लावत होती.

"आई, त्याचा श्वास थांबतो हे तुम्हाला माहीत होतं."

"दोरा ओवून दे, दिसत नाही."

"आई."

"ओव आधी."

तिनं ओवून दिला. पहिल्याच फटक्यात गेला. सासूनं गाठ मारली. "माहीत होतं. मग? दवंडी पिटू?"

"डॉक्टरांना सांगायचं. मला सांगायचं."

"मला वाटलं, आकडीचंच काहीतरी ते. हलवलं की येतो श्वास. हलवत राहिलं म्हणजे झालं." बटणातून सुई वर आली. "आणि तुला काय सांगू? एक दुखणं लपवून सून आणली. दुसरं सांगून घालवू?"

"मी कुठं जाणार होते?"

"ते आता म्हणतेस. पिशवी भरून दारात उभी होतीस तेव्हा तुला तरी माहीत होतं का?"

तिची जीभ दातावर गेली. दारात नवरा उभा होता, कधी आला कुणास ठाऊक, अंगाला लांबीचा वास. "चालू द्या," तो म्हणाला. "माझ्या श्वासावर भांडताय, पण श्वासाच्या मालकाला विचारू नका." मग दोघींची तोंडं बघून त्याचं हसू उतरलं. त्यानं आईच्या हातून सदरा घेतला, बटण ओढून पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, तू झोपतेस कधी गं?" म्हातारी म्हणाली, "तू दुकानात झोपतोस तेव्हा."

डॉक्टरणीनं मूळ ऐकलं आणि खरंच नंबर अलीकडे घेतला. अंगभर तारा चिकटवून त्याला एक रात्र निजवलं. नंतर तिनं कागदावर एक गोल काढला आणि त्यावर बोट फिरवत म्हणाली, झोपेत घसा मिटतो, हवा कमी पडते, मेंदू दचकून जागा होतो, रात्रभर झोपेचे तुकडे होतात, आणि असल्या तुकड्यांच्या झोपेत आकडी फोफावते. आकडीसाठी गोळ्या, त्यातल्या काहींनी वजन वाढतं, सुस्ती येते, घसा आणखी मिटतो. बोट गोलावर फिरत राहिलं. "कुठून तरी तोडायचं," डॉक्टरीण म्हणाली. "गोळ्या चालूच. उताणं झोपायचं नाही, कुशीवर. आणि हे यंत्र." नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून हवेचा झोत, घसा मिटू न देणारा. सगळं बरं होईल असं ती म्हणाली नाही. त्यामुळेच तिच्यावर विश्वास बसला. पुढं आकड्या गेल्या नाहीत, विरळ झाल्या. सकाळी तो माणसासारखा उठायला लागला, आणि एका दिवशी मालकाला म्हणाला, कुंभकर्ण रजेवर गेलाय, आता माझ्या नावानं हाक मारा.

तरी म्हातारी आतल्या खोलीतून हलेना. यंत्र लागलं, श्वास चालू, आणि ही पलंगावर बसून यंत्राकडे संशयानं बघतेय. "डबड्यावर भरवसा कसा ठेवायचा? वीज गेली तर?" ती बाहेरच्या खाटेवरून ऐकत होती. आता भिंतीपलीकडून घोरणं येत नव्हतं, 'घे' येत नव्हतं, नुसती बारीक फूं. आणि तिची तहान मात्र पूर्वीपेक्षा वाढली होती, कारण आता अडसर कुठलाच नव्हता, एक म्हातारी होती आणि त्या म्हातारीला ऊठ म्हणायची तिची छाती नव्हती. अखेर एका रविवारी जेवण झाल्यावर सासू आपली उशी काखोटीला मारून स्वतःच बाहेर आली. "रात्रीचं नंतर बघू," म्हणाली. "दुपारी करा रंगीत तालीम. तुझी खाट दे." मनगटावरची नाडी सोडून तिनं सुनेच्या हातात ठेवली, मळकी, मऊ, तिच्या अंगाच्या उबेची, आणि तोंड फिरवून आडवी झाली.

आत नवरा मुखवटा चढवून बसला होता. "सोंड फुटली बघ," मुखवट्याच्या आतून त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. तिच्या हातातली नाडी बघून त्यानं मनगट पुढं केलं. "बांध. घराण्याची रीत मोडायची नाही." तिनं बांधली, एक टोक त्याला, एक स्वतःला. तो कुशीवर वळला, आणि ती त्याच्या पाठीशी निजली. पाठ. लांबी, जवस, घाम. त्याची गार पावलं शोधत शोधत तिच्या पोटऱ्यांपर्यंत आली आणि ती किंचाळली नाही, तिनं ती गच्च धरून ठेवली. दाराच्या फटीतून कुणीतरी अखंड फुंकर घालत असावं असा यंत्राचा आवाज, आणि त्याच्या आत, एकसारखा, न अडखळता, त्याचा श्वास. तिच्या कानाला त्यात कापण्यासारखं काही सापडेना. दोघांमध्ये नळी होती, नाडी होती, सगळी वाया गेलेली वर्षं होती. तरी हे तेच होतं, कितीतरी रात्री भिंतीपलीकडून मागितलेलं, आणि मिळाल्यावर ते तिला इतकं लागलं की डोळे उघडे ठेवून ती नुसती पडून राहिली. तो झोपला. झोपल्यावर पाठ आणखी रुंद झाली.

बाहेरच्या खोलीत घोरणं सुरू झालं. तिला हसू आलं. म्हातारी घोरते! हे कुणाला कधी कळलंच नव्हतं, कारण म्हातारी कुणाच्या देखत कधी झोपलीच नव्हती. खोल, निर्लज्ज, साऱ्या जागरणांचा सूड घेतल्यासारखं घोरणं. झोपा आई, ती मनात म्हणाली, आणि त्या घोरण्याच्या लयीत तिचेही डोळे मिटू लागले. आणि ते थांबलं.

एक टेकडी अर्धीच उतरली आणि पुढं सपाट.

ती कान देऊन पडून राहिली. पूर्वीची ती असती तर म्हणाली असती, लागली शांत झोप. पाठ तिच्या गालाला टेकलेली होती, उबदार, जिवंत, तिची. येईल आता, तिनं स्वतःला सांगितलं. येईल. आला नाही. तिनं मनगटातून नाडी सोडवली, ती त्याच्या बोटांत अलगद ठेवली, आणि अनवाणी बाहेर गेली.

सासू खाटेवर उताणी पडली होती, तोंड उघडं, खाटेपेक्षा लहान दिसणारी, छाती हलत नव्हती. ती तिच्याशेजारी जमिनीवर बसली, त्या हाडकुळ्या खांद्यावर हात ठेवला. यापूर्वी तिनं सासूला असा हात कधी लावलाच नव्हता.

"घ्या," ती म्हणाली. नुसती कुजबुज. "घ्या, आई. घ्या की."

पाण्याबाहेर आल्यासारखा श्वास आत गेला. म्हातारी डोळे न उघडता, झोपेच्या तळातून, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घेतला का त्यानं?"

"घेतला. तुम्ही झोपा."

तिनं सासूला हळूच कुशीवर वळवलं, पाठीमागं उशी लावली आणि खाटेला टेकून तिथंच बसली, पुढची सपाट जागा येते का ते ऐकत. उद्या सकाळी सासूला डॉक्टरणीकडे न्यायला हवं. आत पलंगाची तिची बाजू पुन्हा गार होत चालली होती.